अम्मींची वाकलेली पाठ

अम्मी घरातच घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांची पाठ वाकत चालली होती. ‘वय झालं’ म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. चूक आमचीच.

शरीरात जुनं हाड रोज थोडं काढलं जातं, नवं भरलं जातं. काढणाऱ्या पेशी रक्तपेशींच्याच कुळातल्या. ‘रँकल’ या प्रथिनाचा निरोप मिळाला की त्यांच्यात ‘एनएफएटीसी-१’ हे जनुक जागं होतं आणि हाड विरघळवणारी इतर जनुकं कामाला लावतं. इस्ट्रोजेन या निरोपाला लगाम घालतं. पाळी गेल्यावर लगाम सैल होतो. अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळालेलं डेनोसुमॅब हे इंजेक्शन रँकललाच अडवतं.

झिजणारं हाड दुखत नाही. म्हणून अम्मी, खाला, फूफी पडण्याआधीच हाडांच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारू या.