गोवरी जळते, तेव्हा खत जळते



‘ऊर्जा वाचवा’ असे भिंतीवर लिहिलेले आपण वाचतो आणि पुढे जातो. देशासाठी झीज सोसायची ती पुन्हा शेतकऱ्यानेच, एवढाच अर्थ त्यातून आपल्याला कळतो.

सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानने गावोगाव गोबरगॅस उभे केले. मालवण-कुडाळकडे पाऊस भरपूर, आपला मुलूख कोरडवाहू, हे खरे. 2 घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते. दारात चार-पाच जनावरे आणि जवळ पाणी असेल, त्याच घराला हे जमेल.

पण त्या घराला सांगायचे काय? आम्ही म्हणतो, इंधनाचे नाव काढू नका, खताचे काढा. गोवरी चुलीत गेली की शेणातले बहुतेक नत्र धुराबरोबर उडते. मग कपाशीला युरियाची गोणी उधारीवर आणावी लागते. गोबरगॅसमध्ये चूलही पेटते आणि नत्र स्लरीतून शेतात परतते. घरच्या लक्ष्मीच्या डोळ्यांतला धूरही जातो.

जिल्हा बैठकीत हा हिशेब मांडा. हिशेब पटला की शेतकऱ्याला उपदेश लागत नाही.