डेन्मार्कला जायचे असेल तर तयारी सोलापुरातच करा

परदेशवारी म्हटली की आपल्या व्यापारी बांधवांच्या डोळ्यांसमोर दुबई, जेद्दा किंवा फार तर लंडन येते. दुबईत भाषा अडत नाही, ओळखीपाळखी निघतात, दुकानात नमुना टाकला की होय-नाही लगेच कळते. त्याच हिशेबाने युरोपात गेलो तर मात्र पदरी फोटोंशिवाय काही पडणार नाही. तिथला सौदा तिथे पोहोचल्यावर ठरत नाही, तो निघण्याआधी सहा महिने इथे बसून जुळवावा लागतो.

उदाहरणादाखल डेन्मार्क घेऊ. जर्मनीच्या उत्तरेला लागून असलेला हा देश आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या साधारण तिप्पट क्षेत्रफळाचा. लोकसंख्या सुमारे ६० लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांवर होती. एवढ्याशा देशात जाऊन काय विकणार, असे कोणी विचारील. आमचे मत उलट आहे. देश लहान आहे म्हणूनच तो आपल्या कामाचा आहे. अमेरिकेतील मोठ्या दुकानसाखळीची ऑर्डर दहा-वीस मागांच्या कारखानदाराला झेपत नाही, आणि तशी ऑर्डर त्याच्यापर्यंत पोहोचतही नाही. लहान देशातील मध्यम दुकानदाराला मात्र लहान लॉटच लागतो. तिथेही ‘युस्क’सारखी मोठी साखळी आहेच. १९७९ साली ऑर्हुस शहरात सुरू झालेले ते दुकान आज अनेक देशांत पसरले आहे. आपण सुरुवात तिथून करू नये.

दुसरे कारण असे की कापडाच्या धंद्याची जाण त्या देशाला आहे. तिथल्या हर्निंग गावाच्या भोवतालची जमीन रेताड आणि नापीक. तिथले शेतकरी हिवाळ्यात लोकरीचे मोजे विणत आणि पाठीवर गाठोडे घेऊन गावोगाव विकत. त्यातून पुढे कारखाने उभे राहिले. नंतर मजुरी परवडेना म्हणून विणकाम पूर्व युरोपात आणि आशियात गेले, पण खरेदी-विक्रीची पेढी हर्निंगलाच राहिली. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल बंद पडलेली पाहिलेल्या सोलापूरकरांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

आता माल काय न्यायचा ते पाहू. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, याचा आपल्याला अभिमान आहे. पण डेन्मार्कमधील माणूस चादर पांघरत नाही. तो खोळ घातलेली जाड रजई घेतो, आणि तिचे नेहमीचे माप १४० बाय २०० सेंटिमीटर. तेव्हा चादरींचे गठ्ठे बांधून नेण्यात अर्थ नाही. जेकार्डची चादर न्यायचीच असेल तर सोफ्यावर टाकायचे कापड म्हणून, शांत रंगात आणि एक-दोनच नग न्यावेत. खरी आशा टॉवेलात आहे. तिथे चालणारी मापे ५० बाय १०० आणि ७० बाय १४० सेंटिमीटर. आपला माग त्या मापाला बसतो का, धुतल्यावर टॉवेल किती आटतो, रंग सुटतो का, हे घरी तपासूनच नमुना बांधावा.

रंगाची गोष्ट विशेष महत्त्वाची. काही अ‍ॅझो रंगांपासून घातक द्रव्ये सुटतात, म्हणून युरोपीय संघाने २००२ साली त्यांच्यावर बंदीचा निर्देश काढला. डाईंगवाल्याने तोंडी दिलेली खात्री तिथे चालत नाही, प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. ‘ओको-टेक्स’ हे प्रमाणपत्र कायद्याने सक्तीचे नाही, तरी खरेदीदार बहुधा तेच आधी विचारतो. कापडात सूत कोणते आणि किती टक्के, हे लेबलावर डॅनिश भाषेत लिहावे लागते.

वेळापत्रक उलटे मांडावे. जुलैमध्ये तिथे सुट्ट्यांचा काळ असतो आणि कचेऱ्या ओस पडतात. तेव्हा ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात जायचे धरा. मार्चमध्ये पंधरा-वीस खरेदीदारांना पत्रे जावीत, एप्रिल-मेमध्ये नमुने कुरियरने जावेत आणि जूनच्या मध्यापर्यंत भेटींची वेळ पक्की व्हावी. तिथे तारखेऐवजी वर्षातल्या आठवड्याचा क्रमांक सांगण्याची पद्धत आहे. ‘३६ वा आठवडा’ म्हणजे सप्टेंबरची सुरुवात. दहाची वेळ दिली असेल तर दहालाच हजर राहावे लागते. चार भेटीसुद्धा ठरल्या नाहीत तर तिकीट काढू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

व्हिसा शेंजेन पद्धतीचा मिळतो. प्रवासाआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. फी ९० युरो आहे. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा, तिथल्या कंपनीचे निमंत्रणपत्र, बँकेचे उतारे आणि आयकराचे कागद लागतात. बोटांचे ठसे देण्यासाठी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठता येते. जानेवारीतील फ्रँकफर्टचे ‘हाइमटेक्स्टिल’ प्रदर्शन जोडून करणार असाल, तर ज्या देशात मुक्काम जास्त त्या देशाकडे अर्ज करावा. डेन्मार्कमध्ये युरो चालत नाही, क्रोन चालतो. एका युरोला साधारण साडेसात क्रोन पडतात. भाव मात्र युरोत सांगितला तरी चालतो.

उधारीबाबत सावध राहावे. पहिल्याच ऑर्डरीला साठ-नव्वद दिवसांची मुदत मागितली जाईल. एक बिल बुडाले तर लहान कारखाना वर्षभर उठत नाही. अशा निर्यातीचा विमा उतरवण्यासाठी सरकारी ‘ईसीजीसी’ ही संस्था १९५७ पासून आहे. आयात-निर्यात कोड आणि हा विमा, या दोन्हींची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.

खाण्याचेही आधी ठरवावे. डेन्मार्क हा डुकराच्या मांसाचा मोठा निर्यातदार. पाकिटावर ‘स्वीन’ असा शब्द दिसला की ते बाजूला ठेवावे. कोपनहेगनमध्ये मशिदी आणि हलाल दुकाने आहेत. लहान गावात मासळी, अंडी, भाजी यांवर भागवावे. डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा असतो, त्यामुळे जोहर आणि असर अगदी जवळजवळ येतात. भेटी ठरवताना हा हिशेब धरला की कोणाची अडचण होत नाही.

शेवटचा मुद्दा खर्चाचा. एकट्या कारखानदाराने कर्ज काढून ही वारी करू नये. चार-पाच जणांनी मिळून दोघांना पाठवावे. एक माल जाणणारा आणि दुसरा इंग्रजीत पत्रव्यवहार करणारा असावा. आपल्या घरातील शिकलेली मुले-मुली हे दुसरे काम चांगले करू शकतात. नमुने सर्वांचे न्यावेत, खर्च वाटून घ्यावा आणि आलेली ऑर्डर कशी वाटायची तेही आधीच कागदावर लिहावे. शेजारच्या कारखान्याचा भाव पाडून ऑर्डर पळवण्याची खोड इथेच सोडून जावी लागेल. एका मीटरमागे दोन रुपये कमी करून आपण आजवर एकमेकांनाच गरीब केले आहे. आता मार्चपूर्वी पाच जणांनी एकत्र बसून पहिली यादी करावी, एवढीच आमची सूचना आहे.