भाकीत आणि अपराध

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘मायनॉरिटी रिपोर्ट’ (२००२) या चित्रपटात खुनाचे भाकीत होताच भावी खुन्याला आधीच जेरबंद केले जाते. त्यातील विसंगतींची चर्चा बहुधा एका दारापाशी अडते : फरारी अँडरटनच्या डोळ्याने त्याच्याच खात्याचे दार उघडते कसे? आक्षेप रास्त, परंतु किरकोळ आहे. खून टळला तर खुनी कोण, हा प्रश्न तर्काचा तितकाच नीतीचा. आणि तेथेच चित्रपट कच खातो. यंत्रणेचा प्रमुखच खुनी ठरतो, यंत्रणा मोडीत निघते आणि अचूक भाकिताच्या आधारे दिलेली शिक्षा तरी न्याय्य ठरेल काय, हे अनुत्तरितच राहते. फिलिप के. डिक यांच्या मूळ कथेत (१९५६) मात्र अँडरटन यंत्रणा वाचविण्यासाठी जाणूनबुजून खून करतो.