पलटणची यादी आणि उसाचा खोडवा

क्रिकेटमध्ये पुणेकरांचं नशीब जरा खोटंच म्हणायचं. २०११ मध्ये पुणे वॉरियर्स आले आणि २०१३ नंतर गायब झाले. मग २०१६ मध्ये रायझिंग पुणे आले. २०१७ च्या अंतिम सामन्यात मुंबईकडून एका धावेने (हो, एकाच!) हरले आणि तेही गेले. राहिली ती एकच: पुणेरी पलटण. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हापासून टिकून आहे. त्यामुळे नवा हंगाम जवळ आला की शनिवार-रविवारच्या गप्पांना आमच्याकडे एकच विषय असतो. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं आणि लिलावात कोणावर बोली लावायची?

अस्मादिकांचं गोत दोन तालुक्यांत विभागलेलं आहे. अर्धे शिरूरला, अर्धे दौंडला, आणि आमच्यासारखे उरलेले हिंजवडीत कीबोर्ड बडवायला. शिरूरचे मामा म्हणतात, "एक नंबरचा चढाईपटू आणा रे, पैसे काय पुरायचेत?" दौंडचे दाजी रेल्वेचे माणूस. ते म्हणतात, "चढाई सोडा हो मामा, कोपरे भक्कम पाहिजेत. डावा कोपरा पडला की गाडी रुळावरून घसरली समजा." यावर तासभर तरी वाद चालतो. चहाच्या दोन फेऱ्या होतात आणि निकाल काहीच लागत नाही. हापिसातही तेच, फक्त तिथे एक्सेल शीट असते. :-)

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. आपण वाद घालतो तो चुकीच्या यादीवर. लिलावात कोण आलं ही यादी चटपटीत खरी, पण हंगाम जिंकून देणारी यादी दुसरीच असते. ती म्हणजे आधीपासून कोण हाताशी आहे आणि मागून कोण येतंय, याची यादी.

उगाच हवेत बोलत नाही. गेल्या काही लिलावांत सर्वांत महाग ठरलेल्या खेळाडूंचे संघ कुठे पोचले ते बघा.

नववा हंगाम, २०२२. पवन सेहरावतला तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाख ५० हजारांना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि हंगाम संपला. दहावा हंगाम, २०२३-२४. तोच पवन २ कोटी ६० लाख ५० हजारांना तेलुगू टायटन्सकडे. टायटन्स २२ पैकी २ सामने जिंकून तळाला. अकरावा हंगाम, २०२४. सचिन तन्वर २ कोटी १५ लाखांना थलैवाजकडे. थलैवाज बाद फेरीतही नाहीत. बारावा हंगाम, २०२५. मोहम्मदरझा शादलुई २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे. गुजरात पहिल्या आठात नाही.

चार हंगाम, चार सर्वांत महाग सौदे आणि करंडक शून्य. यात खेळाडूंचा दोष नाही बरं का. पवनसारखा चढाईपटू रोज जन्माला येत नाही. पण कबड्डीत सात जण असतात. चढाईला एकटा जातो हे खरं, पण तो बाद झाल्यावर त्याला परत मैदानात आणायचं काम पकड करणारी साखळीही करते.

मौज म्हणजे २०२२ मध्ये पवन पडल्यावरही थलैवाज उपांत्य फेरीत पोचले होते. कोणाच्या जिवावर? नरेंदर नावाच्या एका कोवळ्या पोराच्या. त्या उपांत्य सामन्यात त्यांना ३९-३७ असं हरवलं ते आपल्याच पलटणने.

आता मामा लगेच म्हणतील, "मग शादलुईचं काय? त्याला घेतला म्हणूनच तर २०२४ ला करंडक आला!" मुद्दा बरोबर आहे. दहाव्या हंगामाआधी पलटणने त्याच्यावर २ कोटी ३५ लाख लावले. एकूण थैली ५ कोटींची. म्हणजे जवळजवळ निम्मी तिजोरी एका इराणी गड्यावर! तरी संघ लंगडा पडला नाही, उलट ९६ गुणांसह तक्त्यात पहिला आला. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पलटणने पहिल्यांदा करंडक उचलला.

हे जमलं कसं? कारण बाकीचं घर आधीच बांधून झालं होतं. पंकज मोहिते २०१९ पासून पलटणमध्येच होता. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत आठव्या हंगामात, २०२१-२२ ला, नवखे म्हणून आले होते. २०२२ मध्ये पलटण अंतिम सामन्यात जयपूरकडून ३३-२९ हरली, पण संघ मोडला नाही. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांनी त्याच पोरांना घेऊन पुढचा हंगाम काढला. अस्लम कर्णधार झाला आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. अंतिम सामन्यात पलटणकडून सर्वांत जास्त गुण मिळवले ते पंकजने. थोडक्यात काय, तर शादलुई हा कळस होता. पाया आधीच भरलेला होता.

आमच्या भागातल्या भाषेत सांगायचं तर हे उसासारखं आहे. नवी लागण करायची म्हणजे नांगरट आली, बेणं आलं, खर्च आला. खोडव्याला ते काही लागत नाही. मुळं जमिनीत आहेतच. मात्र खोडवा फुकट येतो असं समजून जो बांधावर बसून राहतो, त्याचा ऊस पोसत नाही. बुडखे छाटायला लागतात, खत वेळेवर द्यायला लागतं. आणि कितीही चांगला असला तरी खोडवा किती वर्षं धरायचा यालाही मर्यादा असते. बाजूला रोपवाटिका चालू ठेवावीच लागते.

पलटणने याचा दुसरा अनुभवही घेतला. अकराव्या हंगामाआधी शादलुईला सोडलं, तो २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. हंगामाच्या मध्येच अस्लमचा गुडघा गेला, आणि गतविजेते आठव्या क्रमांकावर घसरले. जखमेवर मीठ म्हणजे हरियाणाने २९ डिसेंबर २०२४ ला आपल्याच बालेवाडीत येऊन करंडक नेला. तेव्हा मामांचा वरचा सूर होता. पण २०२५ मध्ये अजय ठाकूरच्या हाताखाली पलटण पुन्हा अंतिम सामन्यात पोचली, पुन्हा अस्लमच्या नेतृत्वाखाली. दिल्लीकडून ३१-२८ हरली, तो भाग वेगळा. तुटलेला संघ वर्षभरात उभा राहिला, कारण मुळं शाबूत होती.

इथपर्यंत दाजीसुद्धा मान डोलावतील. खरी गोम पुढेच आहे. ही रोपवाटिका नेमकी कुठे लावायची?

अमेरिकेत बेसबॉलवाल्यांचं यावर भारी उत्तर आहे. तिथे मोठे क्लब ३० आणि त्यांना जोडलेले छोटे संघ १२०, म्हणजे प्रत्येक क्लबाचे चार. हे छोटे संघ बऱ्याचदा आडगावांत असतात. ब्रँच रिकी नावाच्या एका खटपट्या माणसाने १९२० च्या दशकात सेंट लुईसच्या क्लबासाठी ही पद्धत उभी केली. तिला ते चक्क 'फार्म' म्हणतात, शेत! त्यामुळे तिथल्या छोट्या गावातला माणूस हंगामाआधी यादीवर वाद घालतो तेव्हा त्यातल्या एखाद्या पोराला त्याने घामाघूम होताना डोळ्यांनी बघितलेलं असतं. त्याच्या वादाला वजन असतं.

आणि आपण? शिरूर-दौंडच्या माणसाला पलटण दिसते ती टीव्हीवर. २०२५ च्या हंगामाचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाले. पुण्याच्या नावाचा संघ आणि पुण्यात एकही सामना नाही! बरं, पुण्यात असला तरी न्हावऱ्याच्या पोराने बालेवाडीला जाऊन रात्री परत कसं यायचं?

त्याच पोराचा हिशोब करून बघा. वय १९. जत्रेतल्या सामन्यांत चमकलेला, पण मातीवर खेळलेला. मॅटवर पाऊल वेगळं पडतं, बूट घालून वळणं वेगळं असतं. ते शिकायला मॅट हवी. लीगच्या सर्वांत खालच्या ड गटाची पायाभूत किंमतसुद्धा ९ लाख आहे. पण तिथे पोचायची वाट त्याला कोणी दाखवलेली नाही. त्याला दिसते ती दुसरी वाट. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, पोलीस भरती, रेल्वे. दौंडला तर राज्य राखीव दलाचे गट आहेत आणि जंक्शनही आहे, दोन्ही स्वप्नं घरासमोरच. नाहीतर रांजणगाव नाहीतर कुरकुंभच्या एमआयडीसीत कंत्राटी पाळी आहेच. कबड्डी तिथेच संपते. त्यात त्याचं काही चुकत नाही. घर चालवायचंय.

पण संघाचं नुकसान होतं, आणि म्हणून आपलंही. अस्लम इनामदार कुठला? नगर जिल्ह्यातला, म्हणजे आत्ताच्या अहिल्यानगरचा. शिरूरहून घोड नदीचा पूल ओलांडला की तो जिल्हा सुरू होतो. तोच अस्लम २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. नदीच्या पलीकडे असं पीक येत असेल तर अलीकडची जमीन काही नापीक नाही.

कोणी म्हणेल की हे भूमिपुत्रांचं राजकारण झालं. अजिबात नाही. मोहित गोयत हरियाणाचा, अबिनेश नडराजन तमिळनाडूचा, शादलुई इराणचा. यांच्याशिवाय २०२४ चा करंडक आलाच नसता. यादीत मराठी आडनावं किती हे मला मोजायचं नाही. मला एवढंच हवंय की आपल्याकडच्या पोराला निदान परीक्षेला बसायला मिळावं. नापास झाला तर झाला.

दुसरा आक्षेप धंद्याचा. फ्रँचायझीने तालुक्यात पैसा का घालावा? अहो, धंदा म्हणूनच! थैलीवर मर्यादा असलेल्या लीगमध्ये स्वस्तात घडवलेला नवखा हीच एकमेव बचत असते. त्या बचतीतूनच शादलुई परवडला. पलटणने 'युवा पलटण' नावाने नवोदितांची फळी उभी केली हे चांगलंच आहे. तीच फळी नगर रस्त्याने आणि सोलापूर रस्त्याने आणखी साठ-सत्तर किलोमीटर पुढे न्यायला हवी. वर्षातून एकदा शिरूरला आणि एकदा दौंडला जाहीर निवड चाचणी, तालुका क्रीडा संकुलात एक मॅट, गुडघा बघणारा एक फिजिओ. २ कोटींच्या बोलीपुढे हा खर्च म्हणजे किस झाड की पत्ती!

आणि आपण, शनिवारी डेमू पकडून गावी जाणारे पगारदार लोक, आपणही काही करू शकतो. १५ जुलैला, बुवा साळवींच्या जन्मदिनी, कबड्डी दिन असतो. त्या दिवशी फेसबुकवर फोटो चिकटवण्यापेक्षा गावातल्या मंडळाला मॅटसाठी वर्गणी द्यावी. पलटणच्या पानावर "अमुकला का सोडलं?" असं लिहिण्याऐवजी "चाचणी शिरूरला कधी?" असं विचारावं. शंभर जणांनी विचारलं तर कोणीतरी उत्तर देईलच.

असो. मामा-दाजींचा वाद चालूच राहणार आणि चालू राहावा. फक्त पुढच्या वेळी बोली लावण्याआधी एक प्रश्न त्यांनाही विचारणार आहे: तुमच्या तालुक्यातला, तुम्ही स्वतः खेळताना बघितलेला आणि पलटणच्या चाचणीला पाठवावा असा एक पोरगा सांगा. तुम्हीही सांगा, मंडळी. नाव सुचत नसेल तर येत्या जत्रेत कबड्डीचे सामने बघून या.