हृदयविकार 14 दिवसांत होत नाही

निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या जवानाला रिलीज मेडिकल बोर्डापुढे उभे राहावे लागते. हृदयाची रक्तवाहिनी तुंबलेली, स्टेंट बसवलेला, दोन-तीन वर्षे लो मेडिकल कॅटेगरीत काढलेली. तरीही बोर्डाच्या कागदावर अनेकदा ठरीव शेरा उमटतो. आजार पीस स्टेशनवर असताना सुरू झाला, फील्ड किंवा अतिउंचावरील सेवेशी त्याचा कालसंबंध दिसत नाही, सबब तो सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेने बळावलेलाही नाही. एवढ्यावर अपंगत्व पेन्शन नाकारली जाते. लष्करी डॉक्टरांसाठीची 2002 ची आणि 2008 मध्ये सुधारलेली मार्गदर्शिका हृदयविकाराच्या बाबतीत दुखणे सुरू होण्याआधीच्या 14 दिवसांत जवान कोणते काम करत होता, याचा तपशील युनिटकडून मागवते. 2023 मध्ये नियम बदलले, पण त्याआधी निवृत्त झालेल्यांची प्रकरणे या जुन्याच चौकटीत तपासली जातात. झटका कशाने आला, हे पाहायला 14 दिवस कदाचित पुरतील. आजार कशाने वाढला, याचे उत्तर त्या पंधरवड्यात सापडणे शक्य नाही, आणि पेन्शनचा प्रश्न तर तोच आहे.

रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचायला वर्षानुवर्षे लागतात. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या 300 अमेरिकी सैनिकांच्या हृदयांची तपासणी 1953 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय 22 होते आणि 77 टक्क्यांच्या रक्तवाहिन्यांत आजाराच्या खुणा डोळ्यांना दिसत होत्या. हा दाखला दुधारी आहे, हे मान्य करायला हवे. इतक्या कोवळ्या वयात सुरुवात होत असेल, तर तो आजार सैन्याने दिला असे कसे म्हणायचे, असा प्रश्न कोणीही करील. पण कायदा तेवढेच विचारत नाही. आजार सेवेने बळावला असला, तरी हक्क निर्माण होतो. बळावण्याची कारणे सैन्याच्या दिनक्रमातच आहेत: मोडलेली झोप, घरापासून दूरची वर्षे, विरळ हवा, कडाक्याची थंडी. भारतीय जवानांचाच पुरावा हवा असेल, तर इंदर आनंद आणि सहकाऱ्यांचा 1990 चा 'लॅन्सेट'मधला निबंध पाहावा. 5,800 मीटरच्या वर काही आठवडे राहिलेल्या 21 जवानांची हृदये निकामी होऊ लागली होती आणि खाली आणल्यावर ती सावरली. तो विकार वेगळा, रक्तवाहिन्या तुंबण्याचा नव्हे. पण उंची हृदयावर काय भार टाकते, हे त्यातून पुरेसे कळते. सियाचीनमध्ये राहिलेल्या माणसाला पुढे पुण्यात किंवा अहिल्यानगरात झटका आला, तर आधीचा सगळा काळ हिशेबातून गाळायचा, हे तर्काला धरून नाही.

कायद्याने हा प्रश्न बराचसा आधीच सोडवला आहे. भरतीच्या वेळी नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे धरायचे, त्याच्यावर पुराव्याचे ओझे टाकायचे नाही आणि वाजवी शंकेचा फायदा त्यालाच द्यायचा, हे 1982 च्या नियमांत आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या धरमवीर सिंग निकालात ते ठामपणे सांगितले. 2008 च्या नियमांनी भाषा थोडी आवळली, तरी दाव्याच्या अटी अर्जदाराने सिद्ध करायच्या नसतात, हे सर्वसाधारण तत्त्व कायम ठेवले.

यावरचा नेहमीचा आक्षेप असा की हा जीवनशैलीचा आजार आहे, बँकेतल्या कारकुनालाही तो होतो. होतो, पण जवान काय खाणार, कधी झोपणार, रजेवर कधी जाणार हे बऱ्याच अंशी सैन्य ठरवते. शिवाय त्याची वेळोवेळी वैद्यकीय तपासणी होते. तंबाखू, वजन किंवा घराण्यातला आजार हेच कारण असेल, तर त्याची नोंद सरकारच्याच कागदांत असायला हवी. ती दाखवून, कारणे लिहून दावा फेटाळावा. त्याला कोणाची हरकत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निवृत्तीच्या तोंडावर काही वरिष्ठ अधिकारी रक्तदाब-मधुमेह दाखवून ही पेन्शन पदरात पाडून घेतात, असे बोलले जाते. तशी प्रकरणे असतील तर त्यांची छाननी कडक करा. पण सध्याच्या साचेबंद शेऱ्याने खरा-खोटा वेगळा होत नाही. वकील परवडणारा अधिकारी सशस्त्र दलांच्या लवादात जाऊन जिंकतो आणि सातारा जिल्ह्यातल्या गावी परतलेला हवालदार नकाराचे पत्र पेटीत ठेवून देतो.

रक्कम तरी किती, तेही पाहावे. 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के, हा दर आहे. वेतन 50 हजार आणि अपंगत्व 30 टक्के धरले, तर महिना 4,500 रुपये होतात. 50 टक्क्यांपर्यंत वाढवून धरण्याची सवलत मिळाली तर 7,500. एवढ्यासाठी सरकार लवादातून उच्च न्यायालयात जाते. जुलै 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने संरक्षण खात्याच्या अशा सुमारे 300 याचिका एकदम फेटाळल्या. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना नेमलेल्या समितीने 2015 मध्येच अपंगत्वाच्या प्रकरणांतली अपिले मागे घ्यावीत असे सुचवले होते. अमेरिकेने तर व्हिएतनाममध्ये एजंट ऑरेंजच्या संपर्कात आलेल्यांसाठी 2010 मध्ये हृदयधमन्यांचा विकार आणि 2022 च्या कायद्याने उच्च रक्तदाबही सेवेशी निगडित मानला. तिथे रसायनाचा मुद्दा होता, आपल्याकडे तो नाही. पण प्रत्येकाला स्वतंत्रपणे कार्यकारणभाव सिद्ध करायला लावू नये, हे तत्त्व दोन्हीकडे लागू पडते. आपल्याला नवा कायदाही नको. 14 दिवसांच्या तपशिलाऐवजी बोर्डापुढे संपूर्ण सेवेतल्या नेमणुका, त्यांची उंची आणि भरतीपासूनच्या रक्तदाबाच्या नोंदी ठेवाव्यात, आणि नकार द्यायचा असेल तर त्यातली कोणती नोंद त्याला आधार देते, हे डॉक्टरांनी सहीखाली लिहावे.