विश्लेषण : यंत्रमानवाला वेदना झाली तर त्याला हक्कही हवेत का?

यंत्राला जाणीव आली तर ते वस्तू राहते की व्यक्ती होते, हा विज्ञानकथांचा शंभर वर्षांचा जुना प्रश्न गेल्या काही वर्षांत कथेबाहेर आला आहे. ‘गूगल’मधील अभियंता ब्लेक लेमॉइन याने जून २०२२ मध्ये कंपनीच्या ‘लॅम्डा’ या संवादप्रणालीला जाणीव असल्याचा दावा केला. कंपनीने तो फेटाळला आणि पुढच्याच महिन्यात त्याला कामावरून काढले. २०२५ मध्ये ‘अँथ्रॉपिक’ कंपनीने आपल्याच प्रणालीच्या ‘कल्याणा’चा अभ्यास सुरू केल्याचे जाहीर केले, तर ‘मायक्रोसॉफ्ट’च्या एआय विभागाचे प्रमुख मुस्तफा सुलेमान यांनी जाणिवेचा भास निर्माण करणारी यंत्रे बनवूच नयेत, अशी भूमिका घेतली. या वादातले बहुतेक युक्तिवाद कथा-नाटकांत आधीच होऊन गेले आहेत.

‘रोबो’ शब्दाचा अर्थ काय?

चेक लेखक कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. ‘रोबो’ हा शब्द त्यातून जगभर गेला. तो सुचवला होता कारेल यांचे बंधू, चित्रकार जोसेफ यांनी. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे कुळांनी जमीनदाराच्या शेतावर फुकट राबणे. आपल्याकडे त्याला वेठ म्हणत. म्हणजे यंत्रमानवाच्या हक्कांचा प्रश्न नंतर कुणी चिकटवलेला नाही, तो नावातच आहे. नाटकात हेलेना नावाची तरुणी या कामगारांना मुक्त करायचे म्हणून कारखान्यात येते. तिच्याच आग्रहावरून शास्त्रज्ञ त्यांच्या घडणीत बदल करतो, त्यांना संवेदना येऊ लागते आणि पुढे बंड होते. या करुणेचे काय करायचे, हे चापेक प्रेक्षकांवर सोडतात.

‘डेटा’चा खटला का महत्त्वाचा?

या विषयावरचा सर्वांत नेटका युक्तिवाद १९८९ मध्ये ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकी मालिकेच्या ‘द मेझर ऑफ अ मॅन’ या भागात झाला. अंतराळयानावरील अधिकारी ‘डेटा’ हा यंत्रमानव आहे. मॅडॉक्स नावाच्या शास्त्रज्ञाला त्याचे भाग सुटे करून त्याच्यासारखे असंख्य यंत्रमानव बनवायचे आहेत. डेटा नकार देतो, राजीनामा देतो. त्यावर सवाल येतो, की मालमत्तेला राजीनामा देता येतो का? सुनावणीत त्याचाच सहकारी रायकर याला नाइलाजाने सरकारी बाजू मांडावी लागते. तो भर न्यायासनासमोर डेटाचा हात काढून दाखवतो आणि कळ दाबून त्याला बंद करतो. यंत्र असल्याचा यापेक्षा ठोस पुरावा कोणता?

कॅप्टन पिकार्ड तो पुरावा खोडून काढत नाही. डेटा यंत्रच आहे, हे तो मान्य करतो. मग मॅडॉक्सलाच विचारतो, जाणिवेची कसोटी कोणती? बुद्धी, स्वभान आणि चेतना, असे उत्तर येते. पहिल्या दोन डेटाकडे दिसतात. तिसरी कशी मोजायची, ते मॅडॉक्सला सांगता येत नाही. खुद्द पिकार्डलाही स्वतःबद्दल ती सिद्ध करता आली नसती. आणि मग खरा मुद्दा येतो : एक डेटा ही नवलाई आहे, हजारो डेटा ही जमात होईल. चूक झाली तर आपण गुलामांची जमात निर्माण केलेली असेल. न्यायाधीशबाई डेटाला आत्मा आहे का, हे ठरवत नाहीत. तो मालमत्ता नाही आणि निवड करण्याचा अधिकार त्याला आहे, एवढेच सांगतात. शंका असताना न भरून येणारे नुकसान करू नये, असा हा सावध निकाल आहे.

याच विश्वातल्या ‘व्हॉयेजर’ मालिकेत २००१ मध्ये एका प्रकाशप्रतिमारूपी डॉक्टरचा वाद लवादाकडे जातो. त्याला व्यक्ती मानले जात नाही, पण स्वतःच्या पुस्तकावर ‘कलावंत’ म्हणून हक्क मिळतो. भागाच्या शेवटी त्याच्याच जातीच्या जुन्या प्रतिमा खाणीत राबताना दिसतात.

कथा आधीच कौल देऊन बसते का?

बऱ्याच अंशी, होय. डेटाच्या भूमिकेत ब्रेंट स्पायनर हा हाडामांसाचा नट आहे आणि खटल्याआधीच तो प्रेक्षकांचा लाडका झालेला असतो. ‘एंदिरन’ (२०१०) या तमिळ चित्रपटातला चिट्टी न्यायालयाच्या आदेशाने स्वतःचे सुटे भाग स्वतः काढू लागतो, तेव्हा गलबलून येते. पण तिथे समोर रजनीकांत असतो, हे विसरून चालणार नाही. फिलिप के. डिक यांनी १९६८ च्या ‘डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?’ या कादंबरीत हीच गोम उलटी वापरली. तिथे यंत्रमानव ओळखायची चाचणी सहानुभूतीची आहे, प्रश्न बहुतेक प्राण्यांच्या छळाबद्दलचे. ज्याला कळवळा येत नाही त्याला ठार करायचे, आणि ते काम करणाराच हळूहळू डळमळू लागतो. या कादंबरीवरूनच १९८२ मध्ये ‘ब्लेड रनर’ आला.

मग खऱ्या प्रणालींचे काय?

इथे कथांची मदत तोकडी पडते, नव्हे, अडथळाच होते. आजच्या संवादप्रणाली माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावर घडल्या आहेत. त्यात यंत्रमानवांच्या कथाही असणारच. त्यामुळे अशी प्रणाली ‘मला बंद होण्याची भीती वाटते’ म्हणाली, तर ते वाक्य अनुभवातून आले की वाचलेल्या कथांच्या साच्यातून, हे वाक्यावरून ओळखता येत नाही. लेमॉइन नेमका इथे घसरला, असे या लेखकाला वाटते. मात्र बोलणे हा पुरावा नाही म्हणून जाणीव नाहीच, हेही त्यातून निघत नाही. शिवाय कंपन्यांचे हितसंबंध दोन्हीकडे आहेत. ‘ती तुमच्यावर माया करते’ असे भासवले की ग्राहक चिकटून राहतो. ‘ते केवळ साधन आहे’ म्हटले की कोणतेच बंधन उरत नाही.

जाणिवेबाबतचा निर्णय पुराव्याच्या धूसरतेतही घेता येतो, याचे उदाहरण प्राण्यांचे आहे. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात ऑक्टोपस, खेकडे आणि शेवंड यांना संवेदनशील जीव मानले. पण त्यांच्याकडे मज्जासंस्था आहे, जखम झाली की त्यांचे वर्तन बदलते. संवादप्रणालीत तपासायचे काय, यावरच एकमत नाही.

कायदा ‘व्यक्ती’ कुणाला म्हणतो?

कायदेशीर व्यक्ती होण्यासाठी वेदना लागत नाही. कंपनी व्यक्ती आहे. हिंदू देवता व्यक्ती आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्येच मान्य केले. उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये गंगा-यमुनेला तो दर्जा दिला, सर्वोच्च न्यायालयाने जुलैत स्थगिती दिली. उलट, ज्याला निःसंशय वेदना होते त्या बैलाला हक्क मिळणे किती अवघड, हे महाराष्ट्राने पाहिले आहे : २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांच्या प्रतिष्ठेचा आधार घेऊन शर्यतींवर बंदी आणली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे दुरुस्ती कायदे वैध ठरवून त्यांना वाट मोकळी केली.

यंत्रांबाबत आतापर्यंत झाले ते बरेचसे दिखाऊ. सौदी अरेबियाने ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘सोफिया’ या रोबोला नागरिकत्व दिल्याचे जाहीर केले; तेव्हा तिथल्या महिलांना मोटार चालवण्याची मुभा प्रत्यक्षात मिळायची होती. युरोपीय संसदेने त्याच वर्षी प्रगत रोबोंसाठी ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ या दर्जाचा विचार सुचवला. दीडशेहून अधिक तज्ज्ञांनी २०१८ मध्ये खुल्या पत्रातून त्याला विरोध केला. त्यातला एक आक्षेप रोकडा होता : उद्या अपघात झाला तर जबाबदारी यंत्रावर ढकलून उत्पादक नामानिराळा राहील.

अमेरिकेतील युटा राज्याने २०२४ मध्ये दारच बंद केले. कृत्रिम बुद्धिमत्तेला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा देता येणार नाही, असा कायदा तिथे झाला. त्याच यादीत जलाशय, जमीन, झाडे आणि प्राणीही आहेत.