दादींचे हात

धाकट्या मुलीने उन्हाळ्याच्या सुट्टीत ब्लॉग सुरू केला. दादींच्या हातचे पदार्थ एकेक करून लिहून ठेवायचे, असा तिचा बेत. घरात सगळ्यांना आवडला. पहिला लेख सांदणांवर. लेख लिहून झाला, पण पानाच्या माथ्यावर त्या तयार रचनेबरोबर आलेले कुणा परक्याचे चित्र होते. ते बदलायला हवे होते.

तिने मोबाइलमधला दादींचा एक फोटो शोधला. दादी स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या, समोर सांदणांच्या वाट्या. वर्डप्रेसमध्ये 'अपिअरन्स', मग 'कस्टमाइझ', मग 'हेडर इमेज' असे करत तिने फोटो चढवला. दहा मिनिटांत काम झाले.

दुसऱ्या दिवशी कुवेतहून माझ्या नणंदेचा फोन आला. "अम्मी, तुमचा फोटो काय छान आलाय!" दादी म्हणाल्या, "कुठला फोटो?"

मग तो त्यांना दाखवावा लागला. कामाच्या घाईतला फोटो, ओढणी खांद्यावर घसरलेली. दादी रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "मला विचारलंस का गं?" आणि नमाजाला उठून गेल्या. मुलीने फोटो तेव्हाच काढून टाकला, पण दोन दिवस घरात कुणी सांदणांचे नाव घेतले नाही.

वाचकहो, चूक मुलीच्या एकटीची नव्हती. मीही तो फोटो पाहिला होता आणि 'छान' म्हणाले होते. घरातल्या माणसाचा चेहरा म्हणजे घरातलीच वस्तू, असे आपण धरून चालतो. ब्लॉगचा माथा मात्र घराचा दर्शनी दरवाजा असतो. आत कुठलेही पान उघडा, वर तेच चित्र दिसते. तिथे कुणाला उभे करायचे, तर आधी त्याची परवानगी हवी. लहान मुलांच्या बाबतीत तर दुप्पट विचार हवा. आज नाही म्हणण्याइतके ती मोठी नसतात.

आता थोडे कामाचे. मुलीने निवडलेली रचना 'ट्वेंटी इलेव्हन' नावाची, जुनी पण साधी. तिची वरची पट्टी 1000 पिक्सेल रुंद आणि 288 पिक्सेल उंच. मोबाइलचा नेहमीचा आडवा फोटो चारास तीन या मापाचा असतो. म्हणजे 1000 रुंदीला 750 उंची. त्यातली 288 घेतली, की उंचीचा जेमतेम 38 टक्के भाग उरतो. बाकीचा कापला जातो. मुलीने चेहरा ठेवला होता, म्हणून वाट्या आणि हात गेले होते. प्रत्येक रचनेचे माप वेगळे असते. 'ट्वेंटी सेव्हन्टीन'मध्ये ते 2000 बाय 1200 आहे, तिथे जवळजवळ पडदाभर चित्र दिसते. म्हणून आधी माप पाहावे, मग फोटो काढावा.

जुन्या अरबी-फारसी हस्तलिखितांत पहिल्या पानाच्या माथ्यावर नक्षी असे. तिला सरलौह म्हणत. कातिब सहसा मजकूर आधी लिहून घेई आणि वरची जागा मोकळी सोडी. नक्षीकार नंतर तिथे सोने आणि लाजवर्दी निळा भरत असे. ग्रंथाचे नाव घालायचे असेल, तर तेही त्या नक्षीतच बसवत. ही जुनी रीत आजही उपयोगी पडते. आत काय आहे ते आधी ठरू द्यावे, आणि वरच्या चित्रात नावासाठी मोकळी जागा ठेवावी.

ते नाव मात्र चित्रावर रंगवून टाकू नये, ब्लॉगच्या शीर्षकाच्या रकान्यात टाइप करावे. चित्रातली अक्षरे शोधयंत्राला सहसा वाचता येत नाहीत, आणि दृष्टिहीन वाचकाला पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही. शिवाय मोबाइलच्या अरुंद पडद्यावर ती पट्टी आक्रसून बोटभर होते, मग अक्षरे दिसणार कशी? काही चित्र-सॉफ्टवेअरमध्ये मराठी जोडाक्षरे तुटतात, ते वेगळेच.

आणखी दोन गोष्टी. गूगलवर सापडलेले चित्र आपले नसते. आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्याने छायाचित्राला ते काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे संरक्षण आहे. घ्यायचेच तर मुक्त परवान्याचे घ्यावे, आणि परवान्यात अट असेल तर काढणाऱ्याचे नाव द्यावे. दुसरी गोष्ट, कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल, तर जागेचा ठावठिकाणा फोटोच्या फाइलमध्ये नोंदला जातो. घरात काढलेला फोटो तसाच चढवला, तर घराचा पत्ताच त्याच्याबरोबर जाऊ शकतो. आधी लोकेशन बंद करावे.

तिसऱ्या दिवशी मुलगी दादींजवळ जाऊन बसली. माफी मागितली. मग तोच फोटो उघडून कापण्याची चौकट खाली सरकवून दाखवली. आता चेहरा गेला होता. उरले होते पीठ ओतणारे दोन हात आणि वाट्यांची रांग. "हे चालेल का दादी?"

दादींनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिले. "हात चालतील," त्या म्हणाल्या. "पण हा नको. बांगड्या घालते, मग दुसरा काढ."

दुसरा फोटो सकाळी खिडकीच्या उजेडात निघाला. मोबाइल आडवा धरून, लोकेशन बंद करून, डावीकडे नावासाठी जागा सोडून. पाच एमबीची फाइल आकार कमी केल्यावर 200 केबीच्या आत आली. कुवेतहून नणंदेचा पुन्हा फोन आला. यावेळी दादींनी आधीच विचारले, "हात ओळखलेस का?"